दुखणे घरात आले तेव्हा : संत झेली मार्टिन



बाळ येशूची संत तेरेजा आपल्याला परकी नाही. हातात क्रूस आणि गुलाबाची फुले घेतलेली तिची तसबीर आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहे. तिच्या आईची ओळख मात्र तितकी नाही. तेरेजाच्या आईचे नाव झेली मार्टिन. येत्या 28 ऑगस्टला तिची पुण्यतिथी आहे. झेली आणि तिचे पती लुई या दोघांना 18 ऑक्टोबर 2015 रोजी रोम येथे पोप फ्रान्सिस यांनी एकाच वेळी संत म्हणून घोषित केले. पतिपत्नीला जोडीने संतपद देण्याची चर्चच्या इतिहासातील ती पहिलीच वेळ. त्यांचा सण 12 जुलैला, म्हणजे मरणाच्या नव्हे तर लग्नाच्या दिवसाच्या आधाराने ठेवलेला आहे, हेही आम्हाला फार आवडते.

या कुटुंबाविषयी बोलताना आपण बहुधा पाचही मुली मठवासी झाल्या हे सांगतो आणि थांबतो. आज आम्ही त्याच्या आधीचे काही लिहिणार आहोत. झेली वयाच्या पंचेचाळीसाव्या वर्षी स्तनाच्या कॅन्सरने वारल्या. रोग कळल्यापासून मरणापर्यंत जेमतेम आठ-नऊ महिने गेले. त्या महिन्यांत त्या घरात काय काय घडले, हे आपल्याला त्यांच्या पत्रांवरून समजते. त्यांची दोनशेवर पत्रे जपून ठेवली गेली आहेत. त्यांत उपदेश थोडा आणि दूधदुभते, मुलींचे कपडे, उधारी, ताप-खोकला असा संसारच जास्त आहे.

हा विषय निवडण्यास एक कारण आहे. आजाऱ्यांना कम्युनियन देण्यासाठी आम्ही घरोघरी जातो. कित्येकदा उंबऱ्यातच घरचे कुणीतरी आम्हाला थांबवते आणि दबक्या आवाजात सांगते की फादर, तिला काही सांगितलेले नाही, आपणही विषय काढू नका. आम्ही आत जातो. घरची माणसे चहा ठेवायला गेली की आजारी बाई आमचा हात धरते आणि सांगते की तिला सारे ठाऊक आहे, पण मुलांना ते कळता कामा नये. एकाच छपराखाली सगळ्यांना सगळे माहीत असते आणि सगळे एकमेकांपासून लपवत असतात. अशा घरातून बाहेर पडताना आम्हाला झेली मार्टिन आठवतात.

झेली यांचा जन्म 23 डिसेंबर 1831 चा, फ्रान्सच्या नॉर्मंडी भागातला. वडील आधी सैन्यात, मग पोलीस दलात. घरात शिस्त पुष्कळ आणि माया बेताची. पुढे कुटुंब अलांसों या गावी राहायला आले. मोठी बहीण ल मान्स येथील व्हिजिटेशन मठात गेली, धाकटा भाऊ इसिदोर पुढे लिझ्यू गावात औषधांचा दुकानदार झाला. झेली यांनाही सिस्टर व्हायचे होते. संत व्हिन्सेंट द पॉल यांच्या सेवाभगिनींकडे त्या गेल्या, पण तिथल्या मदरनी त्यांना घेतले नाही. मग पोटापाण्यासाठी त्यांनी अलांसोंची प्रसिद्ध लेस विणण्याचे शिक्षण घेतले. ही लेस फक्त सुईने होते. नखाएवढ्या तुकड्यालाही तासचे तास लागतात, आणि एका तुकड्यावर वेगवेगळ्या बायका वेगवेगळे टाके घालतात. झेली यांनी स्वतःचा धंदा उभा केला. बायका आपापल्या घरी तुकडे विणायच्या आणि झेली ते तुकडे सांधा दिसणार नाही अशा बेताने जोडायच्या. सर्वांत अवघड काम तेच. माल पॅरिसला जायचा.

लुई मार्टिन घड्याळजी. त्यांनाही तरुणपणी मठात जायचे होते, पण लॅटिन येत नव्हते म्हणून परत पाठवलेले. 13 जुलै 1858 रोजी, मध्यरात्रीच्या सुमारास, अलांसोंच्या नोत्र दाम चर्चमध्ये दोघांचे लग्न लागले. नऊ मुले झाली. त्यांतली चार बाळपणीच गेली: दोन मुलगे, एक तान्ही मुलगी आणि पाच वर्षांची हेलन. राहिल्या पाच : मरी, पोलीन, लिओनी, सेलिन आणि 2 जानेवारी 1873 रोजी जन्मलेली शेंडेफळ तेरेजा. झेलींचा धंदा इतका चालला की 1870 मध्ये लुईंनी घड्याळांचे दुकान भाच्याला विकले आणि बायकोच्या धंद्याचे हिशेब व पॅरिसच्या फेऱ्या सांभाळू लागले. दीडशे वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ही. आपल्याकडे आजही असे करणाऱ्या नवऱ्याला लोक काय म्हणतील, ते आम्ही लिहीत नाही.

आता दुखण्याकडे येऊ. 1865 च्या एप्रिलमध्ये, म्हणजे मरणाआधी बारा वर्षे, झेलींनी भावाला पत्र लिहिले. तो तेव्हा पॅरिसला शिकत होता. स्तनात एक गाठ जाणवते आहे आणि आता तिथे थोडे दुखू लागले आहे, असे त्यांनी कळवले. लहानपणी टेबलाच्या कोपऱ्यावर छाती आपटली होती, त्याचाच हा परिणाम असावा असे त्यांना वाटत होते. (मार लागल्याने कॅन्सर होत नाही, हे आज आपल्याला माहीत आहे, पण ही समजूत आपल्याकडेही घरोघर ऐकू येते.) ऑपरेशनला आपली तयारी आहे, फक्त इथल्या डॉक्टरांवर पुरता भरवसा नाही, असेही त्यांनी लिहिले. त्या पत्राचे पुढे काही झाले नाही. मुले होत होती, तान्ह्या मुलांना अंगावर पाजता येत नव्हते म्हणून खेड्यातल्या दाया शोधाव्या लागत होत्या. तेरेजासुद्धा वर्षभर सेमाले गावी एका शेतकऱ्याच्या घरी वाढली. एकामागून एक चार लहान शवपेट्या घराबाहेर गेल्या. मागण्या पुऱ्या करायच्या होत्या. गाठ मागे राहिली. आपल्या बायाबापड्यांना हे निराळे सांगायला नको. घरातल्या प्रत्येकाचा खोकला आईच्या ध्यानात असतो, तिची स्वतःची गाठ मात्र पाहुणे गेल्यावर, परीक्षा झाल्यावर, लग्न उरकल्यावर दाखवायची असते.

1876 च्या शेवटी दुखणे इतके वाढले की झेली गावातल्या डॉक्टरांकडे गेल्या. त्यांनी तपासले आणि खरे ते सांगितले: गाठ गंभीर आहे आणि ऑपरेशनची वेळ निघून गेली आहे. मग त्यांनी औषधाची चिठ्ठी लिहून दिली. झेलींनी सरळ विचारले की याचा उपयोग काय? डॉक्टरांनी खाली आवाजात कबूल केले की काही नाही, रोग्याला बरे वाटावे म्हणून देतो. झेलींना त्या माणसाचा राग आला नाही. उलट खरे बोलल्याबद्दल त्यांनी मनात आभारच मानले, कारण आता आवराआवर करता येणार होती.

त्या घरी आल्या आणि त्यांनी सगळ्यांना सगळे सांगून टाकले.

इथे आम्हाला थोडे थांबावेसे वाटते. संतचरित्रे लिहिणारे अशा जागी घाई करतात. आईने धीराने सांगितले, मुलांनी धीराने ऐकले आणि सर्वांनी मिळून रोझरी म्हटली, असे लिहून मोकळे होतात. तसे झाले नाही. घरात आकांत झाला. सगळे रडले, लिओनी तर हुंदके देऊन रडली. काही दिवसांनी भावजयीला लिहिलेल्या पत्रात झेलींनी मोकळेपणाने मान्य केले की आपल्याला गप्प राहवले नाही आणि आता त्याचा पश्चात्ताप होतो आहे. पुढे त्यांनी मुलींना समजावले. याच दुखण्याने दहा-पंधरा वर्षे जगलेल्या बायकांची उदाहरणे दिली, नेहमीसारखे काम सुरू केले, थट्टामस्करी केली आणि घर थोडे सावरले. म्हणजे खरे सांगावे की झाकावे, हा प्रश्न या संत बाईलाही सोपा गेला नाही. आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो, तेव्हा सत्य बोलण्याच्या कर्तव्यावर आम्हाला लांबलचक निबंध लिहावे लागत. सत्य बोलल्यानंतर रात्रीच्या जेवणाचे काय करायचे, हे त्या पुस्तकांत नव्हते. झेलींना तेही पाहावे लागले.

सर्वांत जास्त खचले लुई. त्यांना मासेमारीचा नाद होता. गळ घेऊन नदीवर जावे, तासन् तास बसावे आणि मिळालेले मासे बहुधा क्लारा संघाच्या सिस्टरांच्या मठात नेऊन द्यावेत, ही त्यांची करमणूक. बायकोचे दुखणे कळल्यावर त्यांनी गळ माळ्यावर टाकले. मित्रमंडळींच्या बैठकीलाही जाईनासे झाले. ते घरात सुन्न बसून राहत. आजारी बाईनेच निरोगी नवऱ्याची काळजी करावी अशी वेळ आली. हे आम्ही मुद्दाम लिहीत आहोत. लुईही संत आहेत. तरी त्या महिन्यांत ते पुढे होऊन घर सांभाळणारे वीर वगैरे नव्हते, दुःखाने गळून गेलेला एक नवरा होते. आपल्या घरांत आजारी बाईची चौकशी सारे करतात, पण ओट्याशी पाठ करून उभ्या राहिलेल्या तिच्या नवऱ्याला कुणी काही विचारत नाही.

भाऊ इसिदोर यांनी बहिणीला लिझ्यूला बोलावून घेतले आणि 24 डिसेंबर 1876 रोजी तिथल्या नामांकित सर्जनला दाखवले. त्यांचेही मत तेच पडले. सुरुवातीला ऑपरेशन केले असते तर गोष्ट वेगळी होती. त्या काळी भूल देण्याचे शास्त्र होते, पण क्ष-किरण 1895 मध्ये आणि रेडियम 1898 मध्ये सापडायचे होते. केमोथेरपी तर पुढच्या शतकातली. चाकू नाही म्हटल्यावर वैद्यकाकडे देण्यासारखे काहीच उरत नसे. आज आपल्याकडची माणसे पहाटेच्या गाडीने परळला टाटा हॉस्पिटलला जातात. हातात फायलींची पिशवी असते, रांग असते, थकवा असतो. पण निदान रांग लावायला एक दार असते. झेलींसाठी ते दार नव्हते. लिझ्यूहून त्या घरी परतल्या आणि त्यांनी पुन्हा लेस हाती घेतली.

यापुढच्या महिन्यांत त्यांचे मन ज्या गोष्टीत अडकले, ती गोष्ट त्यांचे दुखणे नव्हतेच. ती लिओनी होती.

लिओनी तिसरी मुलगी, तेव्हा तेरा वर्षांची. लहानपणी सतत आजारी, अभ्यासात मागे, हट्टी आणि अबोल. मरी आणि पोलीन ल मान्सच्या मठातल्या शाळेत शिकल्या. मावशी तिथेच सिस्टर होती. लिओनीलाही तिथे ठेवून पाहिले, पण प्रत्येक वेळी तिला घरी परत पाठवावे लागले. झेलींना तिचे काही समजेना. मोठ्या दोघी कर्तबगार आहेत, आपल्या मागे धाकट्या दोघींना त्या वाढवतील, याची त्यांना खात्री होती. पण या मुलीचे कोण करणार, हाच घोर होता. मावशी स्वतः क्षयाने अंथरुणाला खिळली होती. जानेवारी 1877 मध्ये झेली तिला भेटायला गेल्या. दोघी बहिणी, दोघींच्या मरणाची तारीख जवळ आलेली. झेलींनी बहिणीला एक निरोप दिला. स्वर्गात गेल्यावर पवित्र मरियेला गाठ आणि तिला सांग की माझ्या बहिणीला तू लिओनी देऊन चांगलेच फसवले आहेस, तिने मागितले होते ते मूल असे नव्हते, तेव्हा आता तूच हे निस्तर. पवित्र मातेशी असे हक्काने भांडणारे माणूस आपल्याला प्रार्थनेच्या पुस्तकांत भेटत नाही. आपल्या आज्यांमध्ये मात्र भेटते.

24 फेब्रुवारी 1877 रोजी मावशी वारली. त्यानंतर काही आठवड्यांतच घरातले एक गुपित उघडे पडले. घरात अनेक वर्षे काम करणारी एक मोलकरीण होती. कष्टाळू होती, झेलींवर जीव टाकणारी होती. पण लिओनीला वळण लावण्याच्या नावाखाली तिने त्या मुलीला धाक घालून पुरते आपल्या मुठीत ठेवले होते. लिओनी आईचे ऐकत नसे, कारण फक्त मोलकरणीचेच ऐकायचे असा तिला दम होता, आणि कुणाला सांगायचे धाडस नव्हते. मरीच्या लक्षात हे आले आणि तिने आईला सांगितले. विचार करा, त्या आईवर काय प्रसंग आला असेल. ज्या मुलीच्या स्वभावाला आपण वर्षानुवर्षे दोष दिला, ती आपल्याच स्वयंपाकघरात कुणाच्या तरी भीतीखाली जगत होती, आणि आपण लेस जोडत शेजारच्या खोलीत बसलो होतो. झेलींनी मोलकरणीला कामावरून जायला सांगितले. तिने रडून विनवले की तुम्ही आहात तोवर तरी मला तुमची सेवा करू द्या. झेलींनी तिला राहू दिले, पण लिओनीशी संबंध ठेवायचा नाही या अटीवर.

मग त्यांनी लिओनीला जवळ घेतले. मुलीला आईची इतकी ओढ लागली की ती पायांत घोटाळू लागली, आईच्या मागे मागे घरभर फिरू लागली. झेली तिला थोडे थोडे शिकवू लागल्या, तिच्याशी बोलू लागल्या. आणि इथे एक उलटापालट झाली. डिसेंबरात मरणाची बातमी आली, तेव्हा झेलींनी ती बऱ्यापैकी शांतपणे घेतली होती. देवाची इच्छा असेल तसे होवो, अशीच त्यांची वृत्ती होती. आता मार्चमध्ये मात्र त्यांना जगावेसे वाटू लागले. या मुलीला आपली गरज आहे आणि आपल्याशिवाय तिचे कुणी करू शकणार नाही, असे त्यांनी पत्रांत लिहिले. आम्हाला हे फार महत्त्वाचे वाटते. शरणागती म्हणजे जगण्याचा कंटाळा नव्हे. ज्या बाईने मरण स्वीकारले होते, तिनेच मग देवाकडे आयुष्य मागितले, आणि ते मागताना तिची श्रद्धा उणी झाली असे आम्हाला मुळीच वाटत नाही. विश्वास असलेल्या माणसाने दुःखाचा ओरखडाही उमटू देऊ नये, असे काही प्राचीन ग्रीक आणि रोमन तत्त्ववेत्त्यांना वाटे. प्रभू येशू तर गेथशेमनीच्या बागेत घामाघूम झाला आणि त्याने प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली. झेली त्याच्या बाजूच्या होत्या.

आयुष्य मागायला त्या लूर्डला गेल्या. जून 1877 मध्ये मरी, पोलीन आणि लिओनी या तिघींना घेऊन त्यांनी ही यात्रा केली. बर्नादेत्तला पवित्र मरियेचे दर्शन होऊन तेव्हा एकोणीस वर्षे झाली होती. प्रवास म्हणजे नुसते हाल होते. गाडीत झोप नाही, पाय चुकून पडता पडता मानेला हिसका बसला आणि ती मान पुढे मरेपर्यंत दुखत राहिली. वारलेल्या बहिणीची जपून ठेवलेली रोझरी हरवली. झेली चार वेळा त्या गारठलेल्या पाण्यात उतरल्या. पाण्यात असेपर्यंत दुखणे जाणवत नसे, बाहेर आल्या की कळा पुन्हा सुरू. लिओनीसाठीही त्यांनी तिथे मागणे मागितले. चमत्कार झाला नाही.

पोलीनला फार मोठा धक्का बसला. आई बरी होणारच, अशी तिची खात्री होती, आणि तिचे तोंड इतके उतरले की परतीच्या वाटेवर आजारी आईलाच तिची समजूत काढावी लागली. लुई सेलिन आणि तेरेजाला घेऊन वाट पाहत होते. बरी झाली का, असे लोक त्यांना टोमणा मारल्यासारखे विचारत. झेली गाडीतून उतरल्या त्या हसतमुखाने, जणू मागितले ते मिळाले आहे अशा. लुईंना त्याचे नवल वाटले. आपल्याकडूनही लोक वेलंकनीला जातात, वांद्र्याच्या मोत माउलीला जातात, नवस बोलतात. काही जण बरे होतात. जे बरे होत नाहीत, ते परत आल्यावर शेजाऱ्यांच्या नजरेला नजर कशी द्यायची या चिंतेने निम्मे होतात. आपल्या विश्वासातच काही खोट होती की काय, हा प्रश्न त्यांना खातो. झेलींचा विश्वास चर्चने संतपदापर्यंत पारखून पाहिला आहे. त्या लूर्डहून आजारीच परतल्या.

जुलैत रात्री काढणे कठीण झाले. मान वळेना, कपडे बदलणे म्हणजे यातना. घरच्यांची झोप मोडू नये म्हणून त्या एकट्याच उठत, बसत, पुन्हा आडव्या होत. पहाटेच्या मिस्साला मात्र जात. लुईंनी किती अडवले तरी ऐकत नसत. 3 ऑगस्टला, महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी, त्या शेवटच्या मिस्साला गेल्या. पावलागणिक थांबावे लागत होते.

त्याच ऑगस्टमधली एक दुपार आम्हाला विशेष आवडते. मरीने सेलिन आणि तेरेजा या धाकट्या दोघींसाठी घरातच शाळा मांडली होती आणि सुट्टी लागण्यापूर्वी बक्षीस समारंभ ठेवला. खोली पानाफुलांच्या माळांनी सजवली, दोघी पांढरे कपडे घालून आल्या. अध्यक्षस्थानी आई-वडील. झेलींना बसवत नव्हते, तरी त्या बसल्या आणि त्यांनी दोन मुलींच्या त्या शाळेची बक्षिसे वाटली. मरणाला तीन आठवडेही उरले नव्हते. सतरा वर्षांच्या मरीने तो समारंभ आईसाठी केला की बहिणींसाठी, हे सांगता येणार नाही. बहुधा तिलाही ते वेगळे करता आले नसते.

शेवटच्या दिवसांत धाकट्या दोघींना दिवसभर एका नातेवाइकाकडे ठेवत. तेरेजाने पुढे आत्मकथेत त्या दिवसांची एक आठवण नोंदवली आहे. कुणीतरी सेलिनला एक सुंदर जर्दाळू दिला. दोघींनी ठरवले की आपण तो खायचा नाही, आईला न्यायचा. नेला. पण आईला आता काही खाणे शक्य नव्हते.

16 ऑगस्टला झेलींनी भावाला शेवटचे पत्र लिहिले. 26 ऑगस्टला लुई स्वतः जाऊन धर्मगुरूंना घेऊन आले. मुली ओळीने गुडघ्यांवर बसल्या आणि आईला रुग्णाभ्यंगाचा संस्कार देण्यात आला. त्या प्रार्थना चालू असताना तेरेजाला वडिलांचे हुंदके ऐकू येत होते. भाऊ आणि भावजय लिझ्यूहून धावत आले. झेलींना बोलता येत नव्हते. त्यांनी भावजयीकडे नुसते पाहिले, आणि मुलींना आपल्या पदरात घातले जात आहे हे त्या माउलीला समजले. 28 ऑगस्ट 1877 रोजी मध्यरात्रीनंतर अर्ध्या तासाने झेली गेल्या. लहानग्या तेरेजाला वडिलांनी उचलून आईच्या कपाळाचे शेवटचे चुंबन घ्यायला लावले. ती रडली नाही. ओसरीत भिंतीला शवपेटीचे झाकण उभे करून ठेवले होते. साडेचार वर्षांची ती मुलगी त्याच्यासमोर किती तरी वेळ मान वर करून उभी होती. घरातल्या कुणाला तिच्याकडे पाहायला सवड नव्हती.

दफनविधी आटोपून सारे घरी आले, तेव्हा त्यांना आता आई नाही म्हणून मोलकरणीने हळहळ व्यक्त केली. सेलिन धावत जाऊन मरीच्या गळ्यात पडली आणि आता तू आमची आई असे म्हणाली. पोलीनला वाईट वाटू नये म्हणून तेरेजा तिच्याकडे गेली आणि तिने तिला आई केले. लिओनीने कुणाला आई केले, याचा उल्लेख तेरेजाच्या आठवणीत नाही.

भावजयीने त्या नजरेचा मान राखला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात लुई आपला गाव, मित्र आणि नदी सोडून पाच मुलींसह लिझ्यूला आले, ते मुलींना मामा-मामीचा आधार मिळावा म्हणून. तिथे त्यांचे गळ पुन्हा बाहेर निघाले. वडील मासे धरत आणि तेरेजा शेजारी गवतात बसून राही. चौघी बहिणी एकेक करून लिझ्यूच्या कार्मेल मठात गेल्या. लुई दीर्घ आजारानंतर 1894 मध्ये वारले, तेरेजा 1897 मध्ये.

लिओनीचे मठात जाणे मात्र सुरळीत झाले नाही. ती जाई आणि परत येई. प्रकृती साथ देईना, मन टिकेना. तीनदा ती अशी घरी परतली. 1899 मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, ती पुन्हा एकदा काँ येथील व्हिजिटेशन मठाच्या दारात उभी राहिली. हा संघ मावशीचाच, म्हणजे आईने जिच्यापाशी पवित्र मरियेसाठी निरोप दिला होता तिचाच. या वेळी ती परत आली नाही. सिस्टर फ्रान्सिस्का तेरेजा या नावाने ती तिथे बेचाळीस वर्षे राहिली आणि जून 1941 मध्ये, अठ्ठ्याहत्तर वर्षांची होऊन, वारली. 2015 मध्ये, आईवडिलांना संतपद मिळाले त्याच वर्षी, लिओनीलाही संतपद मिळावे यासाठीची चौकशी तिच्या धर्मप्रांतात सुरू झाली.